खाऱ्या वाऱ्यातलं काँक्रीट आणि ग्रेडेड संमिश्रं

गुहागरजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारी विद्यार्थिनी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला सेमिनारसाठी ‘फंक्शनली ग्रेडेड संमिश्र पदार्थ’ हा विषय मिळाला आहे. ती लिहिते: ‘वाचायला जे मिळतं त्यात सगळं अंतराळयान आणि सिरॅमिकच आहे. सिव्हिलमध्ये याचा खरंच उपयोग होतो का? आणि माझे काका समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर बांधायला घेत आहेत, त्यांना यातलं काही सांगण्यासारखं आहे का?’

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे, आणि दुसऱ्याचं तर जास्तच. गेली 28 वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात स्ट्रक्चरल डिझाइनची आणि दुरुस्तीची कामं करतो आहे. घरं, मोऱ्या, साकव, मासेमारी बंदरांचे धक्के असं सगळं त्यात आलं. या विषयाचं इंग्रजी नाव मला बरंच उशिरा कळलं. पण तो न समजल्यामुळे होणारं नुकसान मी पहिल्या पाच वर्षांतच पाहिलं होतं.

संमिश्र म्हणजे दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र येऊन, आपापली ओळख न सोडता, मिळून काम करतात तो पदार्थ. काँक्रीट हे संमिश्रच आहे, फायबर ग्लासची होडीही संमिश्रच. साध्या संमिश्रात घटकांचं प्रमाण सगळीकडे सारखं राहावं अशी धडपड असते. ग्रेडेड संमिश्रात ते प्रमाण जागेप्रमाणे मुद्दाम बदलत नेलेलं असतं. एका पृष्ठभागाला एक पदार्थ जास्त, दुसऱ्या पृष्ठभागाला दुसरा जास्त, आणि मधे सावकाश उतरत जाणारा बदल. ज्या ठिकाणी जे सोसायचं आहे, त्या ठिकाणी तसा पदार्थ, एवढाच ‘फंक्शनली’ या शब्दाचा अर्थ.

तुमच्या वाडीत वादळात पडलेला माड आडवा कापलेला पाहिला असेल. सालीच्या आतली तीन-चार बोटं जागा काळपट, घट्ट, करवतीचे दात बोथट करणारी. मधला गाभा भुसभुशीत. बुंध्याकडच्या बाहेरच्या भागाची घनता घनमीटरला 600 किलोच्या वर जाते आणि गाभ्याची 400 च्या खाली राहते. वाऱ्याने झाड वाकतं तेव्हा ताण कडेला सर्वांत जास्त असतो, मध्यभागी नाहीच्या जवळ. झाडाने आपला माल तिथेच लावला आहे. वहाळावर साकव टाकताना आपली जुनी माणसं माडाचा ओंडका चिरून त्याचा बाहेरचा भाग का घ्यायची, हे यावरून कळतं. आणि खरी गंमत पुढे आहे. कठीण भाग कुठे संपला आणि मऊ कुठे सुरू झाला, हे त्या कापावर बोट ठेवून दाखवता येत नाही. तिथे रेघच नाही. ग्रेडेड पदार्थाची मुख्य खूण मला हीच वाटते. माणग्याची, म्हणजे बांबूची, काठी उभी चिरून पाहा, तिथेही धागे बाहेरच्या अंगाला दाट आणि आत विरळ दिसतील.

ही कल्पना इंजिनिअरिंगमध्ये आली ती 1980 च्या दशकाच्या मध्यावर, जपानमध्ये, सेंदाई परिसरातल्या संशोधकांकडून. त्यांना अंतराळविमानासाठी असं कवच हवं होतं, ज्याची बाहेरची बाजू 2000 केल्विनच्या आसपास तापेल आणि जेमतेम 10 मिलिमीटर जाडीत तापमान 1000 केल्विनने उतरेल. बाहेर सिरॅमिक आणि आत धातू असे दोन थर चिकटवले की सांध्यावरच सुटायचे, कारण तापल्यावर दोघांचं फुगणं वेगळं. मग त्यांनी सांधाच काढून टाकला आणि सिरॅमिकचं प्रमाण बाहेरून आत थोडं थोडं कमी करत धातूपर्यंत नेलं. पदार्थात असा उतार ठेवण्याचा विचार 1972 मध्येही मांडला गेला होता, पण तो प्रत्यक्षात आणण्याचा मान सेंदाईकडे जातो.

सेमिनारमध्ये इतिहासावर एक स्लाइड पुरे. वेळ या सांध्यावर द्या. आपल्या कामातलं एक उदाहरण घेऊ. काँक्रीटवर लेप द्यायला आणि चिकटवायला वापरतात ती इपॉक्सी घ्या. शुद्ध इपॉक्सी एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण 50 मायक्रॉन वाढते, काँक्रीट 10 मायक्रॉन. फरक 40 चा. पावसाळी पहाट आणि ऑक्टोबरची दुपार यांत उघड्या स्लॅबच्या पृष्ठभागावर 25 अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे सांध्यावर 0.001 एवढी विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेतला बदल, अडून राहते. इपॉक्सीचा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचं माप) 3000 मेगापास्कल धरला तर ताण 3 मेगापास्कल येतो, आणि साध्या काँक्रीटची ताण सोसायची ताकदही साधारण तेवढीच असते. चिकटवणारा पदार्थ कितीही ‘भारी’ असला तरी खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं उचकटून येतं, ते यामुळे. प्रत्यक्षात इपॉक्सीत सिलिका वाळू मिसळतात, तेव्हा तिचं फुगणं काँक्रीटच्या जवळ येतं. हे एक पाऊल ग्रेडिंगकडेच टाकलेलं असतं.

आता सिव्हिलमध्ये याचा वापर होतो का, या प्रश्नाकडे वळू. काकांच्या प्लॉटवर उतरलेली टीएमटी सळई घ्या. लाल तापलेली सळई रोलिंग मिलमधून निघते तेव्हा तिच्यावर जोरात पाण्याचा मारा करतात. बाहेरचं कडं क्षणात थंड होऊन मार्टेन्साइट नावाच्या कडक रचनेत जातं. गाभा अजून तापलेला असतो. त्याची उष्णता बाहेर येता येता त्या कड्याला थोडं नरमवते, म्हणजे टेम्पर करते. गाभा मग सावकाश निवतो आणि फेराइट-परलाइट या लवचीक रचनेत स्थिरावतो. मधे दोघांना जोडणारा संक्रमणाचा पट्टा राहतो. बाहेर ताकद, आत लवचीकपणा, आणि सांधा नाही. रासायनिक घटक सगळीकडे तेच असल्यामुळे शास्त्राच्या काटेकोर भाषेत याला संमिश्र म्हणावं का, यावर वाद घालता येईल. पण रचनेचा उतार कामासाठी मुद्दाम घडवलेला आहे, आणि देशातल्या जवळपास प्रत्येक नव्या स्लॅबमध्ये तो आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सळईचा तुकडा कापून, घासून, गुळगुळीत करून त्यावर नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावायला सांगा. काळसर कडं डोळ्यांनी दिसेल. कडं अर्धवट किंवा एकाच बाजूला जाड दिसलं, तर ती सळई नीट थंड झालेली नाही.

यातून साइटवरचा एक नियम निघतो. सळईचं बळ कड्यात आहे, म्हणून ते कडं तासून जोड करू नये आणि वाकवण्यासाठी सळई तापवू नये. सळई तापवली की कारखान्यात घडवलेला तो उतार तिथल्या तिथे पुसला जातो. गॅस कटरने लाल करून सळई वाकवणारे फिटर मी आजही पाहतो आणि प्रत्येक वेळी काम थांबवतो.

जस्त चढवलेली सळई हे दुसरं उदाहरण. साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवलं की वर नुसता रंगासारखा थर बसत नाही. लोखंडाला लागून लोखंड-जस्ताचं संयुग तयार होतं, त्यावर जस्ताचं प्रमाण वाढलेलं दुसरं, त्यावर तिसरं, आणि अगदी वर जवळपास शुद्ध जस्त. तो थर रंगासारखा सोलून निघत नाही, त्याचं कारण हा क्रम आहे.

आता काँक्रीटबद्दल लिहितो, कारण मला मुख्यतः जे सांगायचं आहे ते इथे आहे. काँक्रीट आधीपासून ग्रेडेड असतं, पण उलट्या दिशेने. ओतल्यावर पाणी वर येतं, त्यामुळे कॉलमचा माथा पायापेक्षा कमकुवत राहतो. शटरिंगच्या फळीला खडी नीट चिकटून बसू शकत नाही, त्यामुळे कडेला सिमेंटचं दूध आणि पाणी जास्त जमतं. क्युरिंग कमी पडलं की सर्वांत आधी बाहेरचेच दोन-तीन सेंटिमीटर सुकतात आणि तिथल्या सिमेंटची जलक्रिया अर्धवट राहते. परिणामी जो भाग खाऱ्या वाऱ्याला तोंड देणार, तोच सर्वांत सच्छिद्र. आणि कोणाच्या वाटेला न जाणारा मधला भाग सर्वांत घट्ट. एम 30 चा, म्हणजे 30 मेगापास्कल दाब सोसणाऱ्या काँक्रीटचा, चाचणीचा ठोकळा (क्यूब) प्रयोगशाळेत उत्तम फुटतो, कारण तो पाण्याच्या टाकीत नीट पिकलेला असतो. सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांमधला काँक्रीटचा थर, मात्र एम 30 नसतंच. गेल्या 28 वर्षांत मी किनाऱ्यावर खराब झालेले जेवढे स्लॅब ठोकून पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट हीच होती.

क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, काँक्रीटमध्ये शिरतं ते विसरणाने, म्हणजे जास्त मिठाकडून कमी मिठाकडे हळूहळू पसरत. त्याचा ढोबळ हिशोब असा, की सळईपर्यंत पोहोचायला लागणारा काळ कव्हरच्या जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि विसरण गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, 20 मिलिमीटर कव्हरमधून क्लोराइड 6 वर्षांत सळईला भिडलं. कव्हर 40 केलं तर 24 वर्षं. आता जाडी 40 च ठेवून कव्हरच्या पट्ट्याचा विसरण गुणांक एक-चतुर्थांशावर आणला, तर हिशोब 96 वर्षांवर जातो. प्रत्यक्षात भेगा असतात, पृष्ठभागावरचं मीठ वाढत जातं, त्यामुळे 96 हा आकडा कुणाला लिहून देऊ नका. पण या गणितातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: सगळा स्लॅब महागड्या काँक्रीटचा करण्यापेक्षा बाहेरचे चार-पाच सेंटिमीटर सुधारणं कितीतरी जास्त फायद्याचं आहे. ग्रेडेड काँक्रीटची कल्पना तंतोतंत ही आहे. बाहेर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) असलेलं, कमी पाण्याचं, घट्ट काँक्रीट, आत साधं, आणि दोन्ही ओली असतानाच एकमेकांत मिसळलेली.

कळीचा शब्द ‘ओली असतानाच’ हा आहे. खालच्या थराची इनिशियल सेटिंगची, म्हणजे घट्ट व्हायला लागण्याची, वेळ उलटली आणि मग वरचा थर पडला, तर ग्रेडेड काहीच झालं नाही. कोल्ड जॉइंट झाला, म्हणजे जी रेघ टाळायची होती तीच आपण हाताने ओढली. वेळेत थर पडला तर व्हायब्रेटरची सुई खालच्या थरात शिरेल एवढी बुडवायची. थोडी सरमिसळ होते, आणि ती हवीच असते. ऑस्ट्रियात काँक्रीटचे महामार्ग असे दोन थरांत, ओल्यावर ओलं, टाकतात. खाली पुनर्वापराची खडी चालते, वर झीज सोसणारी कठीण खडी. आपल्याकडे घराच्या स्लॅबला हे करणं मात्र अवघड आहे, कारण घट्ट थर खालून हवा आणि सळईची जाळी आधीच बांधलेली. हाताने काँक्रीट ओतणाऱ्या टोळीकडून तळाचे 40 मिलिमीटर वेगळ्या काँक्रीटचे करून घेण्याचा आग्रह मी धरत नाही. अर्धवट जमलेलं ग्रेडिंग हे न केलेल्या ग्रेडिंगपेक्षा वाईट. त्यापेक्षा सगळा स्लॅब स्लॅग सिमेंटचा करून कव्हरची काळजी घेणं बरं.

धक्क्याच्या कॉलमला आणि भिंतीला मात्र एक फार सुंदर मार्ग आहे. शटरिंगच्या आतून एक खास पाझरू देणारं कापड ताणून लावतात. काँक्रीट ओतलं की कडेला जमणारं जास्तीचं पाणी आणि हवा त्या कापडातून निघून जाते, सिमेंटचे कण मागे राहतात. पृष्ठभागालगतचं पाणी-सिमेंट प्रमाण आपोआप खाली येतं आणि आत जाताना हळूहळू मूळ प्रमाणाला मिळतं. उलटा उतार सुलटा होतो, दुसरं काँक्रीट न आणता आणि कुठेही सांधा न ठेवता. शटर काढल्यावर पृष्ठभाग गर्द रंगाचा आणि बारीक छिद्रांशिवाय दिसतो. मी हे एका धक्क्याच्या विस्ताराच्या कामात वापरलं. कापड ताणून सुरकुती न पडू देणं हेच त्यातलं कष्टाचं काम. सुतार पहिल्या दिवशी वैतागले. पहिला कॉलम उघडल्यावर तेच इतरांना बोलावून दाखवत होते.

ह्यूम पाइप तर तुम्ही मोरीखाली रोज पाहता. 1910 मध्ये ऑस्ट्रेलियात शोधलेली ही पद्धत. साचा गरगर फिरवतात, जड खडी बाहेर फेकली जाते, पाणी आणि बारीक पेस्ट आतल्या अंगाला येते. जाडीत घटकांचा उतार तयार होतो. याच तत्त्वाने फिरवून केलेले खांब आणि पाइल (जमिनीत खोल रोवायचे खांब) असतात. घडवण्याची पद्धतच ग्रेडिंग करते, वेगळा खर्च नाही.

आता एक अनुभव सांगतो, तो माझ्याच चुकीचा आहे. काम सुरू केल्यावर चौथ्या वर्षी एका लहान बंदराच्या धक्क्याची दुरुस्ती माझ्याकडे आली. बीमच्या तळाचं काँक्रीट फुगून सुटलं होतं, सळया दिसत होत्या. कारण उघड होतं: गंज मूळ लोखंडापेक्षा 2 ते 6 पट जागा घेतो आणि कव्हर आतून ढकलून टाकतो. मी सुटलेलं काँक्रीट काढलं, सळया घासल्या आणि भरपूर सिमेंटचं, अतिशय ताकदवान मॉर्टर भरून घेतलं. मूळ काँक्रीट एम 15 च्या आसपासचं, माझं मॉर्टर त्याच्या तिप्पट ताकदीचं. मला त्याचा अभिमान वाटत होता. दोन पावसाळे गेले. काही ठिगळं अख्खी, आपल्या पूर्ण ताकदीनिशी, खाली पडली. जी टिकली त्यांच्या शेजारी, कडेपासून वीतभर अंतरात, जुन्या काँक्रीटमध्ये नवा गंज फुटला होता, आधी जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे.

पडलेल्या ठिगळांचा हिशोब सोपा आहे. जास्त सिमेंटचं मॉर्टर सुकताना आक्रसतं. 0.0005 एवढं आक्रसणं जुन्या काँक्रीटने पूर्ण अडवलं आणि गुणांक 25,000 मेगापास्कल धरला, तर ताण 12.5 मेगापास्कल येतो. क्रीपमुळे, म्हणजे सतत ताणाखाली काँक्रीट हळूहळू सैलावतं त्यामुळे, त्यातला काही भाग ओसरतो हे खरं, पण जुन्या एम 15 कडे ताणात जेमतेम 2 मेगापास्कलची ताकद आहे. सांधा सुटणारच होता. शेजारच्या गंजाचं कारण मला त्या वेळी माहीत नव्हतं. आधी सळईचा गंजणारा भाग अ‍ॅनोड म्हणून काम करत होता आणि शेजारच्या भागाला कॅथोड बनवून वाचवत होता. मी तिथे स्वच्छ, क्षारयुक्त मॉर्टर भरलं, तो भाग सुरक्षित झाला आणि शेजारच्या, मीठ मुरलेल्या काँक्रीटमधली सळई नवा अ‍ॅनोड झाली. चांगल्या आणि वाईटामध्ये मी एक तीक्ष्ण रेघ ओढली होती, आणि समुद्राने ती रेघ दोन्ही बाजूंनी कुरतडली.

त्यानंतर दुरुस्तीची माझी पद्धत बदलली. भरायचं मॉर्टर जुन्या काँक्रीटच्या ताकदीच्या आणि गुणांकाच्या जवळचं घ्यायचं. खड्डा दुखऱ्या जागेच्या पलीकडे, मीठ तपासून, जिथे क्लोराइड कमी होतं तिथपर्यंत वाढवायचा. सळईच्या मागेही बोट जाईल एवढं काँक्रीट काढायचं. ठिगळाच्या कडेला गरज पडेल तिथे सळईला जस्ताचे बळी देणारे अ‍ॅनोड बांधायचे. आणि मोठ्या जाडीत भरताना एकदम न भरता थराथराने भरायचं. जुने गवंडी चुन्याचा गिलावा करताना हेच पाळायचे: भिंतीलगत भरड थर, मग मध्यम, वर बारीक, आणि वरचा थर खालच्यापेक्षा ताकदीने जास्त कधीच नाही. शिंपल्यांचा चुना भाजून, चुन्याच्या घाण्यात मळून ज्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या भिंती उभ्या केल्या, त्यांना हा उतार हाताने माहीत होता. आज जांभ्याच्या चिऱ्यावर थेट 1:3 चं सिमेंट प्लास्टर मारतात आणि ते दोन वर्षांत पोकळ वाजतं. चिरा मऊ, प्लास्टर कडक, मधे रेघ.

बाकीचे वापर थोडक्यात सांगतो, सेमिनारमध्ये एकेक ओळ पुरेल. जर्मनीत स्टुटगार्ट विद्यापीठात स्लॅबच्या आत सच्छिद्रता बदलत नेऊन वजन कमी करण्यावर काम झालं आहे: जिथे ताण कमी तिथे हलकं काँक्रीट, कडेला घट्ट. स्वित्झर्लंडमध्ये 2004 पासून जुन्या पुलांवर अतिउच्च ताकदीच्या तंतुमय काँक्रीटचे काही सेंटिमीटर जाडीचे थर चढवतात. तो शुद्ध ग्रेडेड पदार्थ नाही, पण विचार तोच. बीमच्या तळाला कार्बन फायबरची पट्टी चिकटवतात तेव्हा तिच्या टोकाशी सोलून काढणारा ताण एकवटतो, म्हणून टोक निमुळतं करतात. समुद्रकाठचा धूपप्रतिबंधक बंधारासुद्धा याच जातीचा: वरच्या चिलखती दगडाचं वजन ‘डब्ल्यू’ असेल तर त्याखालच्या थरातला दगड साधारण ‘डब्ल्यू’च्या दहाव्या भागाचा, गाभ्यात त्याहून कितीतरी लहान. मधला थर गाळून खर्च वाचवला की उधाणाच्या लाटा मोठ्या दगडांच्या फटीतून गाभा ओढून नेतात आणि वरचे दगड बसतात. बंधारा खचला की लोक समुद्राला दोष देतात. उकरून पाहिलं तर मधला थरच नसतो.

धक्क्याच्या पाइलला तर लांबीच्या दिशेनेही ग्रेडिंग लागतं. सतत पाण्याखाली असलेला भाग त्या मानाने सुरक्षित, कारण तिथे प्राणवायू कमी. भरतीच्या पातळीच्या जरा वरचा, लाटांच्या तुषारांनी भिजणारा आणि उन्हाने सुकणारा पट्टा सर्वांत वाईट. मीठ तिथे दर दिवशी साचत जातं. पोलादी पाइल असेल तर त्या पट्ट्यापुरतं वेगळं कवच द्यावं लागतं, आणि ते कवच अपेक्षित पट्ट्याच्या वर-खाली पुरेसं लांबवावं लागतं. नेमकं पातळीवर संपवलं की कवचाच्या कडेलाच गंज सुरू होतो.

गणिताचं विचाराल तर जाडीच्या दिशेने घटकाचं प्रमाण बहुधा घातांकी नियमाने लिहितात. तळापासून मोजलेली उंची भागिले पूर्ण जाडी, त्याचा ‘एन’ वा घात. ‘एन’ एक असेल तर बदल सरळ रेषेत, मोठा असेल तर बदल वरच्या पृष्ठभागाशी गोळा होतो. गुणांक जाडीत बदलला की उदासीन अक्ष (वाकताना जिथे ना ताण ना दाब, ती रेषा) मध्यावरून सरकतो, आणि नुसतं ओढलं तरी प्लेट वाकते. विद्यार्थी हे समीकरणात लिहितात, पण त्याचा अर्थ सांगत नाहीत. तुम्ही सांगा. आपल्या काँक्रीटचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा वेगळा आक्रसतो तेव्हा स्लॅबचे कोपरे उचलतात, ते याच कारणाने. जाड प्लेटसाठी जे. एन. रेड्डी यांचा 1984 चा तिसऱ्या क्रमाचा कातर विकृती सिद्धांत वापरतात. तुमच्या मार्गदर्शकांना तो अपेक्षित असेल, तो वाचून घ्या.

आता काकांचं घर. आयएस 456:2000 मध्ये ‘ग्रेडेड काँक्रीट’ अशी वेगळी तरतूद नाही, पण बाहेरचा पट्टा सुलट्या उताराचा कसा होईल, ते सगळं त्यात आहे. किनारी हवामानातलं बांधकाम ‘सिव्हिअर’ वर्गात येतं: किमान एम 30, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 पेक्षा जास्त नाही, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट आणि 45 मिलिमीटर कव्हर. लाटांचे तुषार थेट अंगावर येत असतील तर ‘व्हेरी सिव्हिअर’, मग एम 35, 340 किलो आणि 50 मिलिमीटर. ठेकेदार म्हणेल, ‘आम्ही नेहमी 20 चं कव्हर देतो, काही होत नाही.’ त्याला वरचा 6 आणि 24 वर्षांचा हिशोब दाखवा.

सिमेंट पोर्टलँड स्लॅग घ्या. न मिळालं तर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट). दोन्हीला क्युरिंग जास्त लागतं: मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस, आणि मी 14 च्या खाली येऊ देत नाही. स्लॅग सिमेंट आणून चार दिवसांत पाणी बंद करणं म्हणजे पैसे देऊन उलटा उतार विकत घेणं. कव्हर ब्लॉक त्याच काँक्रीटच्या दर्जाचे ओतून घ्या. सळईखाली चिऱ्याच्या कपच्या सारायची सवय आपल्याकडे अजून आहे. प्रत्येक कपची ही समुद्रापासून सळईपर्यंतची वाट असते, कारण जांभा पाणी पितो. पावसात पडून राहिलेल्या सळया बांधण्याआधी गोड्या पाण्याने धुवा.

आणि रेती. खाडीची रेती न धुता वापरली तर मीठ बाहेरून यायची वाटच पाहावी लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून सळईच्या अंगाला असतं. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरला 0.6 किलो आहे. ती आतूनच ओलांडली, तर बाहेरचा पट्टा कितीही उत्तम केला तरी उपयोग नाही. हे मी काकांना समोर बसवून सांगेन, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. नदीची खात्रीची रेती किंवा चांगली क्रश सँड घ्या आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होतात, आणि बांधकामाचा हंगाम नेमका तोच.

शेवटी तुमच्या सेमिनारसाठी एक प्रयोग सुचवतो, चित्रांपेक्षा तो जास्त बोलेल. तीन क्यूब ओता, पहिले दोन एकाच साध्या मिश्रणाचे. एकाला 14 दिवस पाण्यात ठेवा, दुसऱ्याला 3 दिवसांनी बाहेर काढून उन्हात सोडा, तिसरा दोन थरांत ओता: तळाशी स्लॅग सिमेंटचे 40 मिलिमीटर, वर साधं काँक्रीट, ओल्यावर ओलं. तिघांचे पाच पृष्ठभाग मेणाने बंद करा आणि एकच उघडा ठेवा. थरांच्या क्यूबला स्लॅगचा तळ उघडा. मग लिटरला 165 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तिन्ही 35 दिवस बुडवा. काढल्यावर उघड्या पृष्ठभागाला काटकोनात फोडा आणि ताज्या कापावर 0.1 मोलर सिल्व्हर नायट्रेट फवारा. हातमोजे आणि चष्मा घाला, ते कातडीवर काळे डाग पाडतं. जिथवर क्लोराइड पोहोचलं तिथवर पांढरट, त्यापुढे तपकिरी रंग येईल. पांढऱ्या पट्ट्याची खोली प्रत्येक क्यूबवर दहा ठिकाणी मोजा. थरांच्या क्यूबमध्ये दोन काँक्रीटच्या सीमेवर रेघ दिसते का, तेही भिंगाने पाहा, आणि दिसली तर दोन थर ओतण्यात किती मिनिटं गेली होती ते लिहून ठेवा. मोजमापं हाती आली की मला पाठवा, काकांच्या स्लॅबचं क्युरिंग ठरवताना ती कामाला येतील.